दुकानाच्या लिनक्स कॉम्प्युटरवर आपण स्वतः काय-काय टाकलंय, ते कसं शोधायचं?



मागच्या जूनमधली गोष्ट. अकरावी आणि डिप्लोमाचे प्रवेश सुरू, दुकानासमोर पालकांची रांग, आणि सकाळी साडेनऊला काउंटरचा मुख्य कॉम्प्युटर बंद पडला. हार्ड डिस्क गेली होती. मी घाबरले नाही, कारण बॅकअप होता. बिलं, रेट कार्ड, ग्राहकांचे अर्धवट फॉर्म, सगळं रोज रात्री बाहेरच्या ड्राइव्हवर जातं. दुपारी बारापर्यंत नवीन एसएसडी बसली, दोन वाजेपर्यंत उबुंटू टाकून झालं. म्हटलं, चला, संध्याकाळच्या गर्दीला तयार.

आणि मग सुरू झालं. स्कॅनर दिसतोय पण पीडीएफ जोडायचं ते छोटं सॉफ्टवेअर नाही. फोटो ५० केबीच्या आत बसवायला जे वापरायचो, त्याचं नावच आठवेना. मराठी कीबोर्ड गायब. रंगीत प्रिंटर फिकट छापतोय. दुकानातला मुलगा म्हणाला, "ताई, तो पासपोर्ट फोटोचा आठचा शीट करायचा प्रोग्राम कुठला होता ओ?" मलाही माहीत नव्हतं. दोन वर्षांत एकेक करून टाकलेल्या गोष्टी होत्या त्या. कुणी कधी लिहून ठेवल्या?

पूर्ववत व्हायला अडीच दिवस गेले. अडीच दिवस, जूनमधले! ज्यांचं झेरॉक्स-ऑनलाइनचं दुकान आहे त्यांना मी वेगळं सांगायला नको. फाइलींचा बॅकअप होता, पण मशीनवर काय बसवलं होतं त्याची यादी नव्हती.

म्हणून हा लेख. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला, आणि तेव्हापासून चॅनेलवर रोज कुणीतरी विचारतं, "मॅडम, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं तर दुकान चालेल का?" चालेल. माझं चालतंय. पण हे एक काम पहिल्या महिन्यातच शिकून घ्या.

एक सूचना आधीच देते. कमांडची नावं मी इथे मराठी अक्षरांत लिहितेय, टर्मिनलमध्ये ती इंग्रजी लहान अक्षरांतच टाइप करायची. व्हिडिओमध्ये प्रत्येक कमांड स्क्रीनवर मोठी करून दाखवलीय, शेजारी उघडून ठेवा. इथे मला कमांडपेक्षा तिच्यामागचं कारण सांगायचंय, कारण कारण कळलं की कमांड विसरली तरी शोधता येते.

केटरर आणि त्याची माणसं

उबुंटू, मिंट, डेबियन ही सगळी एकाच घराण्यातली. आपल्याकडे सी-डॅकनं बनवलेलं बॉस लिनक्सही डेबियनवरच उभं आहे. या सगळ्यांत सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येतं आणि ते आणण्या-काढण्याचं काम 'ॲप्ट' नावाचा प्रोग्राम करतो. सॉफ्टवेअर सेंटरमध्ये बटण दाबून टाकलंत तरी साध्या पॅकेजचं काम मागे त्याच व्यवस्थेतून होतं.

आता समजा घरी लग्न आहे. तुम्ही केटररला सांगितलं. केटरर आला तो एकटा आला का? त्यानं आचारी आणला, वाढपी आणले, भांडीवाला आणला. तुम्ही बोलावलं फक्त केटररला. बाकीचे त्याच्यामुळे आले.

पॅकेजचंही असंच. स्कॅन केलेल्या कागदावरची अक्षरं ओळखणारं 'ओसीआर माय पीडीएफ' तुम्ही टाकलंत, तर त्याच्याबरोबर 'टेसरॅक्ट' येतं, 'घोस्टस्क्रिप्ट' येतं, आणखी बरीच मंडळी येतात. ॲप्ट प्रत्येकाच्या नावापुढे खूण करून ठेवतो: हे मालकानं मागवलं, म्हणजे 'मॅन्युअल', आणि हे दुसऱ्याबरोबर आलं, म्हणजे 'ऑटो'.

ही खूण कशाला? तर केटररला तुम्ही निरोप दिलात की त्याच्या माणसांनाही जाता यावं म्हणून. 'ॲप्ट ऑटोरिमूव्ह' ही कमांड तेच करते. ज्यांच्यापुढे ऑटो खूण आहे आणि ज्यांची आता कुणालाच गरज उरली नाही, त्यांना बाहेर काढते.

इथेच दुकानदाराची गडबड होते. समजा तुमच्या मुलानं टेसरॅक्ट थेट वापरायला सुरुवात केली, एक छोटी स्क्रिप्ट बनवली, रोज मार्कशीटवरची नावं त्यातून काढतो. सहा महिन्यांनी तुम्हाला वाटलं, ओसीआर माय पीडीएफ कुणी वापरत नाही, काढून टाकू. काढलंत. मग जागा कमी म्हणून ऑटोरिमूव्ह चालवलंत. दुसऱ्या कुठल्या पॅकेजला टेसरॅक्ट लागत नसेल तर तेही गेलं. कॉम्प्युटरची यात काही चूक नाही. त्याच्या वहीत टेसरॅक्ट केटररबरोबर आलेलं होतं, तुम्ही त्याला परस्पर कामाला लावलंय हे त्याला कोण सांगणार?

सांगता येतं. 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' आणि पुढे पॅकेजचं नाव, आधी 'सुडो' लावून. एवढं केलं की ते तुमचं माणूस झालं. ऑटोरिमूव्ह त्याला हात लावत नाही.

पहिली यादी, आणि पहिला धक्का

मॅन्युअल खूण असलेली सगळी पॅकेजेस दाखवणारी कमांड आहे 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल'. ए-पी-टी, आडवी डॅश, एम-ए-आर-के, मग एक जागा सोडून शो आणि मॅन्युअल एकत्र जोडून. सुडो लागत नाही, काही बिघडत नाही, नुसती यादी येते. निर्धास्त चालवा.

चालवलीत? आता डोकं धरून बसाल. मी पहिल्यांदा चालवली तेव्हा शेकडो नावं सर्रकन खाली गेली. मी म्हटलं, मी एवढं कधी टाकलं?

नाहीच टाकलं. गोम अशी आहे की ॲप्टच्या लेखी 'ज्याच्यापुढे ऑटो खूण नाही' ते सगळं मॅन्युअल. उबुंटू किंवा मिंट बसवताना इन्स्टॉलरनं जे टाकलं, त्यातलंही पुष्कळ याच यादीत येतं. म्हणजे केटरर तुम्ही बोलावला, पण हॉल बुक केला तेव्हा हॉलवाल्याच्या खुर्च्या, पंखे, गाद्या आधीच तिथे होत्या, आणि वहीत त्याही तुमच्याच नावावर लिहिल्या गेल्या.

कुठे लिहिलेलं असतं हे? 'व्हार' फोल्डरमध्ये 'लिब', त्यात 'ॲप्ट', त्यात 'एक्स्टेंडेड स्टेट्स' नावाची साधी मजकुराची फाइल. ऑटो खूण तिथे असते. बघायला हरकत नाही, पण हातानं बदलू नका. बदलायचं असेल तर ॲप्ट-मार्कच वापरायचं.

तर आता आपल्याला वजाबाकी करायचीय. आजची मॅन्युअल यादी, वजा पहिल्या दिवशी मशीनवर जे होतं ते. उरलं ते आपलं.

पहिल्या दिवसाची यादी मिळणार कुठून? बऱ्याच उबुंटू आणि मिंट मशीनवर इन्स्टॉलर ती स्वतःच ठेवून जातो. 'व्हार' मध्ये 'लॉग', त्यात 'इन्स्टॉलर', आणि तिथे 'इनिशियल-स्टेटस' नावाची दाबून ठेवलेली, म्हणजे जीझेड फाइल. 'झेडकॅट' नं ती उघडून वाचता येते. त्यात प्रत्येक पॅकेजची पूर्ण कुंडली असते, आपल्याला फक्त 'पॅकेज' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळींतली नावं हवीत. ती वेगळी काढायची, 'सॉर्ट' करायची, एका फाइलमध्ये ठेवायची. शोमॅन्युअलची यादीही सॉर्ट करून दुसऱ्या फाइलमध्ये ठेवायची. मग 'कॉम' नावाची कमांड, सी-ओ-डबल एम, तिला वजा-तेवीस हा पर्याय द्यायचा, आणि पुढे आधी आजची फाइल, नंतर पहिल्या दिवसाची. क्रम उलटा करू नका, उत्तर उलटं येईल.

हे तेवीस काय? कॉम तीन रकाने छापते: फक्त पहिल्या फाइलमध्ये असलेलं, फक्त दुसऱ्या फाइलमध्ये असलेलं, आणि दोन्हींत असलेलं. आपण सांगतो, दुसरा आणि तिसरा रकाना नको. उरतो पहिला. बँकेचं पासबुक आणि आपली रोजकीर्द जुळवतो ना, दोन्हीकडे असलेल्या नोंदींवर टिक मारून बाजूला, तसंच. फाइली सॉर्ट केलेल्या नसतील तर मात्र कॉम चुकीचं उत्तर देते, तेव्हा दोन्ही सॉर्ट करायला विसरू नका.

ती इनिशियल-स्टेटस फाइल तुमच्या मशीनवर नसेल, तर वेगळा रस्ता. ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं तो लावा, त्यावरून कॉम्प्युटर चालू करा, 'ट्राय' म्हणजे नुसतं वापरून बघायचा पर्याय घ्या आणि तिथल्या सगळ्या पॅकेजची यादी काढून दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. ती झाली तुमची पहिल्या दिवसाची यादी. तीच आवृत्ती हवी मात्र. बावीस-शून्य-चारच्या मशीनमधून चोवीस-शून्य-चारची यादी वजा केलीत तर नुसता घोळ.

माझ्या दुसऱ्या काउंटरवरच्या, न बिघडलेल्या कॉम्प्युटरवर ही वजाबाकी केल्यावर ४१ नावं उरली. शेकड्यांवरून ४१! त्यात जिंप, इंकस्केप, पीडीएफ अरेंजर, टेसरॅक्टचं मराठी भाषेचं पॅकेज, मराठी टायपिंगसाठीचं आयबसचं एम-सतरा-एन. वाचताना अक्षरशः दुकानाची दोन वर्षं डोळ्यांसमोरून गेली. इंकस्केप तर मी एका लग्नपत्रिकेच्या ऑर्डरसाठी टाकलं होतं, ती ऑर्डर शेवटी आलीच नाही.

कधी टाकलं आणि कुणी टाकलं

४१ पैकी सहा-सात नावं माझ्या ओळखीची नव्हती. इथे दुसरी वही कामाला येते. ॲप्ट प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवतो. 'व्हार', 'लॉग', 'ॲप्ट', आणि तिथे 'हिस्टरी' नावाची लॉग फाइल. प्रत्येक नोंदीत सुरुवातीची तारीख-वेळ, कोणती कमांड दिली, काय बसलं, काय अपग्रेड झालं, काय काढलं. बसलेल्या पॅकेजच्या यादीत जे दुसऱ्याबरोबर आलं त्याच्यापुढे 'ऑटोमॅटिक' असं लिहिलेलं असतं, म्हणजे केटरर कोण आणि वाढपी कोण ते तिथेही कळतं. सुडो वापरून टाकलं असेल तर 'रिक्वेस्टेड-बाय' म्हणून कुठल्या युजरनं टाकलं त्याचं नावही असतं.

ही ओळ दुकानदारासाठी सोन्याची. पण एक अट. दुकानातल्या प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असेल तरच तिचा उपयोग. सगळे 'शॉप' नावाच्या एकाच युजरनं, एकाच पासवर्डनं बसत असतील, तर वहीत कायम 'शॉप' च दिसणार. मी आता काउंटरवरच्या मुलांना वेगळी लॉगिनं दिलीत आणि सुडोचा अधिकार ठेवलेला नाही. सुरुवातीला नाराज झाले थोडे. सॉफ्टवेअर हवं असेल तर सांगा, मी टाकून देते, पाच मिनिटांचं काम आहे.

हिस्टरीची मर्यादाही सांगते. ही फाइल कायमची राहत नाही. नेहमीच्या सेटिंगप्रमाणे दर महिन्याला जुनी बाजूला होते, दाबून ठेवली जाते, आणि अशा १२ जुन्या फाइली ठेवून त्याआधीची पुसली जाते. म्हणजे साधारण वर्षभराचंच मागचं दिसतं. जुन्या दाबलेल्या फाइलींत शोधायला 'झेडग्रेप' वापरा, 'कमांडलाइन' हा शब्द शोधायला सांगा, वर्षभरात दिलेल्या सगळ्या कमांड एका खाली एक येतात. सॉफ्टवेअर सेंटरमधून टाकलेलं असेल तर तिथे तुमची कमांड दिसत नाही, त्या व्यवस्थेचं नाव दिसतं, पण पॅकेजचं नाव आणि तारीख असतेच.

ज्यासाठी मला हा लेख खरंतर लिहायचा होता

त्या अनोळखी नावांतलं एक बघून माझ्या पोटात गोळा आला. दुसरीकडे बसून आपला कॉम्प्युटर चालवता येतो, त्या प्रकारचं रिमोटचं सॉफ्टवेअर होतं. हिस्टरीत तारीख सापडली. आठ महिन्यांपूर्वी प्रिंटरचं काम करायला एक तंत्रज्ञ आला होता, त्याच दिवसाची, त्याच दुपारची. नंतर फोनवरून मदत करायला सोपं जावं म्हणून त्यानं टाकलं असेल, मी त्याच्या हेतूवर काही म्हणत नाही. पण मला सांगितलं नव्हतं, काढून गेला नव्हता, आणि ते कॉम्प्युटर चालू झाला की आपोआप सुरू होत होतं. आठ महिने.

आता विचार करा, आपल्या दुकानात काय येतं? आधार, पॅन, जातीचे दाखले, बँकेची पासबुकं, मुलींचे फोटो. लोक डोळे झाकून आपल्या हातात देतात. त्यातलं काही बाहेर गेलं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी ते काढलं, सगळे पासवर्ड बदलले, स्कॅनच्या जुन्या फाइली साफ केल्या. आता दाराबाहेर पाटी आहे की काम झाल्यावर तुमची कागदपत्रं कॉम्प्युटरमधून काढून टाकली जातात, आणि खरंच काढतो.

अशी बाहेरून आणलेली पॅकेजेस पटकन पकडायची एक युक्ती आहे. 'ॲप्ट लिस्ट' ला 'इन्स्टॉल्ड' हा पर्याय दिला की बसलेली सगळी पॅकेजेस येतात, आणि काहींच्या पुढे चौकटी कंसात 'इन्स्टॉल्ड' च्या जोडीला 'लोकल' असा शब्द असतो. ग्रेपनं फक्त तेवढ्या ओळी काढा. लोकल म्हणजे हे पॅकेज आत्ता कुठल्याही भांडारात, ज्या ठिकाणांहून ॲप्ट माल आणतो तिथे, मिळत नाहीये. कुणीतरी 'डेब' फाइल डाउनलोड करून बसवली असेल. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, कंपनीच्या साइटवरून आणलेला प्रिंटरचा ड्रायव्हर, आणि असले बिन-बोलावलेले पाहुणे, सगळे इथे सापडतात. मोठं अपग्रेड झाल्यावर मागे राहिलेली जुनी पॅकेजेसही यात येतात, तेव्हा प्रत्येक लोकल म्हणजे चोर नव्हे.

आणि उलटही होतं. काही डेब फाइली बसताना स्वतःचं भांडारही जोडून टाकतात, म्हणजे पुढचे अपडेट थेट त्या कंपनीकडून येतात. गुगल क्रोम असंच करतं. मग ते लोकल म्हणून दिसत नाही. म्हणून 'ईटीसी' मधल्या 'ॲप्ट' फोल्डरमधलं 'सोर्सेस-लिस्ट-डी' उघडून तिथे किती फाइली आहेत आणि कुणाच्या आहेत, तेही बघून घ्या.

कुठलंही नाव ओळखता आलं नाही तर लगेच काढू नका. 'ॲप्ट शो' आणि नाव, म्हणजे ते काय करतं ते कळतं. 'ॲप्ट आरडिपेंड्स' ला इन्स्टॉल्डचा पर्याय देऊन नाव दिलंत की मशीनवरच्या कुणाकुणाचा त्याच्याशी संबंध आहे ते दिसतं. आणि काढायच्या आधी 'ॲप्ट-गेट' ला वजा-एस देऊन 'रिमूव्ह' चालवा. ही नुसती रंगीत तालीम असते. काय-काय जाईल ते दाखवतं, प्रत्यक्षात काहीच काढत नाही. त्या यादीत डेस्कटॉपचं नाव दिसलं तर थांबा, चहा प्या, मग परत विचार करा.

ॲप्टच्या वहीत जे येतच नाही

इथवर सगळं ॲप्टचं झालं. पण दुकानात सगळी खरेदी एकाच व्यापाऱ्याकडून होते का?

उबुंटूवर 'स्नॅप' असतं, त्याची यादी 'स्नॅप लिस्ट'. यात 'कोअर' वगैरे नावांची पायाभूत पॅकेजेसही येतात, ती सोडून द्या. गंमत म्हणजे उबुंटूवर तुम्ही ॲप्टनं फायरफॉक्स टाकलंत तरी येतं ते स्नॅपच. ॲप्टमधलं फायरफॉक्स नावाचं पॅकेज नुसता दरवाजा आहे, आत गेलं की स्नॅप. मिंटवर स्नॅप मुळात बंद ठेवलेलं असतं, तिथे 'फ्लॅटपॅक' असतं. 'फ्लॅटपॅक लिस्ट' ला 'ॲप' हा पर्याय द्या म्हणजे फक्त ॲप्स दिसतात.

मग येतो खरा भंगार-माळा. झिप फाइल उघडून, आतली इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवून जे बसवलं जातं, ते अनेकदा 'ऑप्ट' फोल्डरमध्ये किंवा 'यूएसआर' मधल्या 'लोकल' मध्ये जाऊन बसतं. त्याची नोंद कुठल्याच वहीत नसते. ही दोन्ही फोल्डर उघडून डोळ्यांनी बघायची, दुसरा मार्ग नाही. एखादी फाइल कुठल्या पॅकेजची आहे असा संशय आला तर 'डीपॅकेज' ला (डी-पी-के-जी) वजा आणि मोठा एस देऊन फाइलचा पूर्ण पत्ता विचारा. पॅकेजचं नाव सांगितलं तर ठीक. सापडत नाही म्हणालं, तर ती कुणीतरी हातानं ठेवलेली किंवा एखाद्या प्रोग्रामनं नंतर बनवलेली.

एचपीच्या काही लेझर प्रिंटरना 'एचपीलिप' बरोबर एक वेगळं प्लगइन डाउनलोड करावं लागतं. एचपीलिप यादीत दिसेल, प्लगइन दिसणार नाही. माझ्या त्या अडीच दिवसांतला अर्धा दिवस या एका प्लगइननं खाल्ला.

आणि फॉन्ट! लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, ज्यांचं हे काम आहे त्यांनी ऐका. ॲप्टनं टाकलेले फॉन्ट यादीत येतात. पण आपण विकत घेतलेले, नुसते कॉपी करून टाकलेले फॉन्ट होम फोल्डरमध्ये लपलेल्या 'डॉट-लोकल' च्या आत 'शेअर', त्यात 'फॉन्ट्स' मध्ये असतात, किंवा जुन्या पद्धतीनं 'डॉट-फॉन्ट्स' मध्ये. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबल्याशिवाय ही फोल्डर दिसतच नाहीत, म्हणून बॅकअपमधून सुटतात. फॉन्ट बदलला की जुन्या ग्राहकाचं डिझाइन ओळी मोडून उघडतं, आणि तो समोर उभा असतो.

फेडोरा वापरणारे थोडे आहेत, त्यांच्यासाठी एका ओळीत: 'डीएनएफ रेपोक्वेरी' ला 'यूजर-इन्स्टॉल्ड' हा पर्याय द्या. आर्चवाल्यांना 'पॅकमॅन' चा वजा-क्यू-ई आणि बाहेरून आणलेल्यांसाठी वजा-क्यू-एम. तत्त्व सगळीकडे तेच, मागवलेलं वेगळं आणि बरोबर आलेलं वेगळं.

यादीचं करायचं काय

मी एक साधी दोनशे पानी वही केलीय. हो, कागदाची. कॉम्प्युटरच गेला तर कॉम्प्युटरमधली यादी काय कामाची? चार रकाने: नाव, तारीख, कुठून आणलं, आणि कशासाठी. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. 'पीडीएफ अरेंजर, प्रवेश अर्जाची पानं मागे-पुढे करायला' असं लिहिलं की वर्षभरानं दुकानातल्या नव्या मुलालाही कळतं. 'कशासाठी' लिहिता आलं नाही, तर ते काढायच्या यादीत.

शिवाय दर महिन्याच्या एक तारखेला वजाबाकीची यादी फाइलमध्ये काढून रोजच्या बॅकअपच्या ड्राइव्हवर जाते. मिंटवाल्यांचं काम सोपं आहे. मेन्यूमध्ये 'बॅकअप टूल' आहे, त्यात तुमच्या फाइली सोडून सॉफ्टवेअरची निवडही साठवता येते आणि नव्या मशीनवर परत आणता येते. उबुंटूवर आपली फाइल 'एक्सआर्ग्ज' मधून 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' ला द्यायची, सगळं एका झटक्यात बसतं. काही जण 'डीपॅकेज' च्या 'गेट-सिलेक्शन्स' नं यादी काढायला सांगतात. ती मी वापरत नाही. त्यात सगळी पॅकेजेस सरसकट येतात, मॅन्युअल-ऑटोची खूण नसते, म्हणजे वाढपीही केटरर होऊन बसतात.

परत बसवताना क्रम पाळा. आधी बाहेरची भांडारं जोडा, मग 'ॲप्ट अपडेट', मग यादी. यादीतलं एक जरी नाव त्या भांडारात सापडलं नाही, तरी ॲप्ट तक्रार करून थांबतो आणि बाकीचंही काहीच बसवत नाही. घाबरायचं नाही. लोकल खूण असलेली नावं आधीच वेगळी ठेवा, त्यांच्या डेब फाइली बॅकअपमध्येच जपून ठेवा, आणि नव्या आवृत्तीत ज्यांचं नाव बदललंय ती तक्रार वाचून एकेक दुरुस्त करा.

दिवाळीच्या आधी मी दुसऱ्या काउंटरचा कॉम्प्युटर मुद्दाम एका रविवारी पुसला आणि वही समोर ठेवून परत उभा केला. सकाळी दहाला सुरू केलं, जेवायच्या आधी झालं होतं. फक्त लेबल प्रिंटरचा कागदाचा आकार सेट करायचा राहिला, तो वहीत लिहिलेलाच नव्हता. आता लिहिलाय: ५० बाय २५ मिलिमीटर, गॅप २.